तबकडीवरचा कुत्रा

एके काळीं महाराष्ट्रांतील सुखवस्तु घरांच्या दिवाणखान्यांत ग्रामोफोनची पेटी मानाच्या जागीं ठेवलेली असे. तिच्यावर भरतकाम केलेला रुमाल, शेजारीं सुयांची पत्र्याची लहानशी डबी, आणि भिंतीशीं कागदी पाकिटांत उभ्या केलेल्या तबकड्या. पेटी उघडून चावी दिली आणि तबकडी फिरूं लागली कीं घरांतील मुलें गाण्यापेक्षां तबकडीच्या मध्यावरील चित्राकडेच अधिक पाहत. पितळी कर्ण्याच्या तोंडापुढें मान किंचित् कलती करून बसलेला एक पांढरा कुत्रा तेथें वाटोळा वाटोळा फिरे, आणि वेग वाढला कीं दिसेनासा होई. चित्राखालीं ‘हिज मास्टर्स व्हॉइस’, म्हणजे ‘त्याच्या धन्याचा आवाज’, असे तीन इंग्रजी शब्द होते. परंतु ते वाचण्याची गरज कोणासच भासत नसे. ज्या देशांत परदेशी गिरण्यांनीं कापडाच्या ताग्यांवर देवादिकांचीं रंगीत चित्रें चिकटवून आपला माल खपविला, त्या देशांत गिऱ्हाइकाला अक्षरापेक्षां ‘छाप’ लवकर कळते, हें व्यापाऱ्यांस चांगलें ठाऊक होतें.

या चित्राचा इतिहास पाहूं गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. असंख्य लोकांनीं ज्या चित्रावर अस्सलपणाची खूण म्हणून विश्वास ठेवला, तें चित्र मूळचें तसें नव्हतेंच. त्यांतील कुत्रा खरा होता, त्याचा धनीहि खरा होता. यंत्र मात्र मागाहून बदललेलें होतें. आणि हा बदल केवळ रंगाचा नव्हता.

कुत्र्याचें नांव निपर. तो १८८४ सालीं इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं जन्मला. जात म्हणाल तर बरीचशी फॉक्स टेरिअर, पण शुद्ध नव्हे. घरीं येणाऱ्या पाहुण्यांच्या पोटऱ्यांस हळूच चावे घेण्याची त्याला खोड होती, आणि अशा चाव्याला इंग्रजींत जो शब्द आहे त्यावरूनच त्याचें नांव पडलें. त्याचा धनी मार्क बॅरॉड हा नाटकगृहाचे पडदे रंगविणारा चित्रकार. त्या धंद्यांत नांव पडद्याबरोबर वर जातें आणि पैसा हातीं राहत नाहीं, हा अनुभव आपल्याकडील जुन्या नाटकमंडळींसहि अपरिचित नव्हता. १८८७ सालीं मार्क दारिद्र्यांतच वारला, आणि कुत्रा त्याचा धाकटा भाऊ फ्रान्सिस याजकडे लिव्हरपूलला आला. फ्रान्सिसहि चित्रकारच होता. पुढें निपरचा अखेरचा काळ मार्कच्या विधवेकडे किंग्स्टन येथें गेला, आणि १८९५ च्या सप्टेंबरांत तो तेथेंच मेला. ज्या चित्रानें तो अजरामर झाला, तें त्याच्या मरणानंतर सुमारें तीन वर्षांनीं काढलेलें आहे.

या चित्राविषयीं एक हृदयस्पर्शी कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. मार्कचा आवाज यंत्रांत भरून ठेवलेला होता, तो मेल्यावर फ्रान्सिसनें तें यंत्र लावलें, आणि मुका जीव आपल्या धन्याचा शब्द ओळखून कर्ण्यापाशीं येऊन बसला, अशी ती कथा. कांहीं जण तर यंत्राखालीं दिसणारा चकचकीत लांकडी पृष्ठभाग म्हणजे धन्याची शवपेटीच होय, असें सांगावयास कमी करीत नाहींत. कथा गोड आहे खरी. परंतु सालें तिच्या आड येतात. एडिसननें १८७७ मध्यें केलेला पहिला फोनोग्राफ कथलाच्या पातळ पत्र्यावर आवाज उठवी. प्रदर्शनांत टाळ्या मिळविण्यापलीकडे घरांत त्याचा उपयोग नव्हता. मेणाच्या नळकांड्यावर चालणारें त्याचें सुधारलेलें यंत्र १८८८ सालीं पुढें आलें. म्हणजे मार्कला जाऊन तेव्हां एक वर्ष लोटलें होतें. फ्रान्सिसनें स्वतः पुढें दिलेली हकीकत अगदीं साधी आहे: घरांत फोनोग्राफ होता, त्यांतून निघणारा आवाज येतो कोठून याचा उलगडा न होऊन कुत्रा बुचकळ्यांत पडे, आणि त्याच्या मुद्रेवरील त्या कोड्यावरून चित्राची कल्पना सुचली. चित्रकाराच्या शब्दापेक्षां लोकांना शवपेटीच अधिक आवडली, याला इलाज नाहीं.

तथापि ती कथा खोटी असली तरी अशक्य मात्र नव्हती, आणि तिचें मर्म येथेंच आहे. मूळ चित्रांत निपर ज्या यंत्रापुढें बसला होता तें फोनोग्राफ होतें, ग्रामोफोन नव्हे. आज हे दोन्ही शब्द आपण एकाच अर्थानें वापरतों, पण त्या काळीं त्यांतील भेद मोठा होता. फोनोग्राफ मेणाच्या नळकांड्यावर आवाज वाजवी, तसाच तो टिपूनहि घेई. कर्ण्यांत तोंड घालून बोलावें, कांटा मेणावर खांच पाडील, आणि तेंच नळकांडें पुन्हां फिरविलें कीं आपलाच शब्द आपणांस ऐकूं येईल. नको झाल्यास मेण तासून टाकावें आणि नवा आवाज भरावा. अर्थात् ज्या घरीं फोनोग्राफ असे, त्या घरीं आईचें बोलणें, बापाचा खोकला, मुलाचे बोबडे बोल, सर्व कांहीं सांठवितां येत असे. अशाच यंत्रांत कुत्र्याला आपल्या धन्याचा आवाज ऐकूं येणें शक्य होतें.

फ्रान्सिसनें ११ फेब्रुवारी १८९९ रोजीं या चित्राच्या हक्काची नोंद करण्याकरितां अर्ज केला, तो ‘फोनोग्राफकडे पाहणारा व तो ऐकणारा कुत्रा’ अशा रोखठोक नांवानें. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ हें नांव त्याला मागाहून मिळालें. चित्र खपेना. रॉयल अकॅडमीनें तें टांगण्याचें नाकारलें. छापखानेवाल्यांस कुत्रा करतो आहे तरी काय तेंच कळेना. फोनोग्राफ विकणाऱ्या एडिसन-बेल कंपनीकडे तें नेलें, तेव्हां कुत्रीं कांहीं फोनोग्राफ ऐकत नाहींत, असा जबाब तेथील चालकानें दिला असें सांगतात. व्यापाराच्या इतिहासांत इतकें महाग पडलेलें वाक्य विरळा.

शेवटीं कोणा मित्रानें सल्ला दिला कीं चित्रांतील काळा कर्णा उदासवाणा दिसतो, तेथें झळकता पितळी कर्णा घाल. नमुन्यासाठीं तसा कर्णा उसना मिळावा म्हणून फ्रान्सिस लंडनच्या मेडन लेनमधील एका नव्या दुकानांत गेला. तें ग्रामोफोन कंपनीचें कार्यालय होतें. कंपनीला जेमतेम एक वर्ष झालें होतें. तिचा अमेरिकन व्यवस्थापक विल्यम बॅरी ओवेन यानें चित्राचें छायाचित्र पाहिलें आणि विचारलें कीं यंत्र बदलून आमचा ग्रामोफोन घालाल काय? मग चित्र आम्हीच घेऊं. फ्रान्सिसनें होकार दिला. १८९९ च्या सप्टेंबरांत सौदा ठरला: चित्राचे पन्नास पौंड आणि हक्काचे पन्नास पौंड. फोनोग्राफ पुसून न टाकतां त्यावरच रंगाचा थर देऊन त्यानें ग्रामोफोन काढला, आणि ऑक्टोबरांत चित्र कंपनीच्या स्वाधीन केलें. १९०० च्या जानेवारींत तें जाहिरातींवर झळकलें.

आतां ग्रामोफोनची घडण पाहावी. एमिल बर्लिनर या जर्मन वंशाच्या अमेरिकन कारागिराचें हें यंत्र सपाट तबकडीवर चाले. एका मूळ तबकडीवरून ठसा करावा आणि त्या ठशानें पुस्तकाच्या पानांप्रमाणें हजारों प्रती दाबून काढाव्या, ही त्याची युक्ति. व्यापाराच्या दृष्टीनें ती अपूर्व होती. परंतु घरांतील ग्रामोफोनला आवाज टिपतां येत नसे. कंपनीनें जें भरून दिलें असेल तेवढेंच तो बोले. त्यामुळें चित्राचा अर्थच पालटला. निपर ज्याच्यापुढें बसला आहे त्या यंत्रांत त्याच्या धन्याचा आवाज येण्याचा संभव उरला नाहीं. धनी ग्रामोफोन कंपनीचा करारबद्ध गवई असला तरच गोष्ट निराळी. घरचा माणूस कर्ण्यांतून निघून गेला आणि त्याच्या जागीं परका कलावंत येऊन बसला. गिऱ्हाइकांनीं मात्र हा फरक लक्षांत घेतला नाहीं, आणि घेतला असता तरी त्यांची तक्रार होण्याचें कारण नव्हतें. कारण घरच्यांच्या बोबड्या बोलांपेक्षां कारुसोचें गाणें केव्हांहि सरस.

कंपनीचें पहिलें चिन्ह कुत्रा नव्हतें, हेंहि येथें सांगावयास हवें. १८९८ पासून ती एक देवदूत वापरीत असे. पंख पसरून बसलेला हा देवदूत मोरपिसासारख्या लेखणीनें तबकडीवर लिहीत आहे, असें तें चिन्ह होतें. तेव्हां तबकड्या एकाच बाजूनें वाजत, आणि मागच्या कोऱ्या अंगावर हा देवदूत उठविलेला असे. इकडे बर्लिनरला लंडनच्या भेटींत कुत्र्याचें चित्र इतकें आवडलें कीं १० जुलै १९०० रोजीं त्यानें अमेरिकेंत त्याची नोंद करून घेतली, आणि तेथून तें व्हिक्टर कंपनीकडे गेलें. विलायतेंत कुत्रा तबकडीच्या लेबलावर चढला तो १९०९ सालीं. पुढच्याच वर्षीं न्यायालयानें निकाल दिला कीं ‘ग्रामोफोन’ हा शब्द आतां सर्वसामान्य झाला असून कोणा एका कंपनीला त्यावर मालकी सांगतां येणार नाहीं. शब्द सार्वजनिक झाला. उरलें तें चित्र. त्यामुळें कुत्र्याची किंमत एकदम वाढली, आणि त्याच्या खालचे तीन शब्द हेंच जवळजवळ कंपनीचें नांव होऊन बसलें.

हिंदुस्थानांत ही कंपनी आली ती देवदूत घेऊन. १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गायसबर्ग यानें कलकत्त्यास गौहर जान हिचें गाणें टिपलें. तबकड्या तयार होत जर्मनींतील हॅनोव्हर येथें, आणि तेथील कारागिरांस कोणता ठसा कोणाचा हें कळावें म्हणून गाण्याच्या शेवटीं गौहर जान ठसक्यांत इंग्रजींतून आपलें नांव उच्चारी. लेबल चिकटण्यापूर्वीं मारलेली ही तोंडी छापच होय. १९०८ सालीं कलकत्त्यांतील सियालदह येथें कारखाना निघाला. १९२८ मध्यें तो डमडम येथें गेला. यथावकाश देवदूत मागें पडून येथेंहि कुत्रा आला, आणि बालगंधर्वांचीं नाट्यपदें, हिराबाई बडोदेकरांचीं गाणीं त्याच्या सभोंवतीं फिरूं लागलीं. मराठी घरांत ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या शब्दांना एक जादा अर्थहि आपोआप चिकटला. आपल्या रंगभूमीवर गायक नट हे ‘मास्टर’ म्हणूनच ओळखले जात. मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव हीं नांवें उच्चारतांच तो योगायोग ध्यानीं येतो.

ज्यानें हें चित्र रंगविलें त्याचें पुढें काय झालें? शंभर पौंडांत हक्क विकलेले असल्यामुळें कुत्र्याच्या दिग्विजयाचा एक पैहि त्याला मिळण्यासारखा नव्हता. कंपनीनें मात्र त्याला वाऱ्यावर सोडलें नाहीं, हें तिच्या बाजूनें नमूद केलें पाहिजे. आपल्या निरनिराळ्या कचेऱ्यांसाठीं तिनें त्याच्याकडून मूळ चित्राच्या प्रती करून घेतल्या. अशा चोवीस प्रती त्यानें काढल्या. १९१९ सालीं त्याला वर्षाला अडीचशें पौंडांची तैनात बांधून देण्यांत आली, ती पुढें वाढविलीहि. १९२४ सालीं तो वारला. पण ज्या चित्रकारानें एकदां जिवंत कुत्र्याचें कोडें पाहून कुंचला उचलला, त्यानें उरलेलें आयुष्य स्वतःच्याच चित्राची नक्कल करण्यांत घालवावें, हें दृश्य कांहीं सुखाचें नाहीं. ठसा एकदां तयार झाला कीं प्रती निघत राहतात. येथें ठसाहि तोच आणि यंत्रहि तोच माणूस.

कुत्र्याची वांटणी हा या इतिहासांतील एक विनोदी अध्याय आहे. इंग्लंडमध्यें तो एका कंपनीचा, अमेरिकेंत दुसरीचा. पहिल्या महायुद्धांत जर्मन सरकारनें हॅनोव्हरचा कारखाना शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यांत घेऊन १९१७ सालीं विकला, तेव्हां जर्मनींतला निपर शत्रूच्या घरीं राहिला. त्या जर्मन कंपनीला परदेशीं माल पाठवितांना कुत्रा वापरतां येईना, म्हणून बाहेर ‘पॉलिडोर’ हें नांव घ्यावें लागलें. १९४९ सालीं तिनें आपला कुत्रा इंग्रज मालकांस विकला आणि स्वतःला पिवळ्या रंगाचें पुष्पमुकुटाचें चिन्ह घेतलें. १९३१ सालीं बनलेल्या इ. एम. आय. या इंग्रज कंपनीचीहि अमेरिकेंत तीच अडचण झाली. कुत्रा तिथें परका, म्हणून १९५३ मध्यें तिनें आपला जुना देवदूत अडगळींतून काढून झटकला आणि त्याच्याच नांवानें अमेरिकेंत तबकड्या विकल्या. अमेरिकेंतील व्हिक्टर १९२९ सालीं आर. सी. ए. कंपनीनें घेतली होती. आणि चौथी वांटणी जपानची. १९२७ सालीं योकोहामा येथें व्हिक्टरची जी शाखा निघाली, ती पुढें जपानी झाली, आणि जपानांतला निपर तिच्याकडेच राहिला. परदेशांत तिला कुत्रा वापरण्याची मोकळीक नसल्यामुळें तिथें ती जे. व्ही. सी. या तीन अक्षरांनींच ओळखली गेली.

या चौथ्या घरीं जी गोष्ट घडली ती ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. १९७६ सालीं जे. व्ही. सी. च्या युमा शिराइशी, शिझुओ ताकानो आदि तंत्रज्ञांनीं व्ही. एच. एस. या नांवाची चित्रफीत आणि ती चालविणारें यंत्र बाजारांत आणलें. या यंत्रांत आणलेली फीत लावून चित्रपट पाहतां येई, आणि कोऱ्या फितीवर दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम टिपूनहि ठेवतां येत असे. आवाजापुरती ही सोय १९६३ पासून ध्वनिफितीच्या कॅसेटनें मिळूं लागली होतीच. आतां तिच्यांत चित्राची भर पडली. पुढें फितीवर चालणारे कॅमेरे आले, आणि घरच्या माणसांचे चेहरे, बोलणें, मुंजी, लग्नें हें सर्व फितीवर आलें. रंगाच्या थराखालीं गाडलेला फोनोग्राफ पाऊणशें वर्षांनीं पुन्हां वर आला तो असा. आणि ज्या कंपनीनें तो काढला, तिच्या घरच्या चिन्हांत तोच कुत्रा बसलेला होता.

इकडे अमेरिकेंतील आर. सी. ए. नें निपरला १९६८ सालीं निवृत्त करून १९७६ मध्यें पुन्हां कामावर घेतलें होतें. तिनें जपानी बनावटीचीं व्ही. एच. एस. यंत्रें स्वतःच्या नांवानें विकलीं खरीं. पण तिची सारी भिस्त होती एका तबकडीवर. १९८१ च्या मार्चमध्यें तिनें चित्राची तबकडी बाजारांत आणली. प्लास्टिकच्या जाड डबींत बंद असलेली ही तबकडी खांचांची होती आणि तिच्यावर ग्रामोफोनप्रमाणेंच सुई चाले. एका बाजूस एक तासाचा चित्रपट मावे. बर्लिनरच्या कल्पनेचा हा जणूं पणतूच. दोषहि घराण्यांतलाच: ती नुसती वाजे, टिपूं शकत नसे. पूर्वीं वाजणाऱ्या तबकडीनें टिपणाऱ्या नळकांड्याला मागें टाकलें होतें. यावेळीं टिपणाऱ्या फितीनें वाजणाऱ्या तबकडीला मागें टाकलें. १९८४ सालीं आर. सी. ए. नें यंत्रें करणें बंद केलें, आणि त्याच वर्षाच्या जानेवारींत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ठरविलें कीं घरीं पुढें पाहण्यासाठीं कार्यक्रम टिपून ठेवणें हा गुन्हा नव्हे.

टिपण्याची सत्ता घरोघर आली तशी चोरीहि आली, आणि चिन्हाचें काम बदललें. फितीची नक्कल सहज होत असल्यामुळें चित्रपट कंपन्या आरंभीं आपलीं हलतीं बोधचिन्हें, दटावणीच्या सूचना, आणि वेष्टनावर चकाकणारे शिक्के घालूं लागल्या. भारतांतहि १९८४ सालीं स्वामित्वहक्काच्या कायद्यांत नवें कलम घालून ध्वनिमुद्रिका व चित्रफिती यांवर त्या करणाराचें व हक्कदाराचें नांव आणि पत्ता देणें सक्तीचें करण्यांत आलें. ज्या बाजारांत एकेकाळीं कुत्र्याचें चित्र पाहून गिऱ्हाईक डोळे मिटून पैसे मोजी, त्याच बाजारांत आतां नांव, पत्ता आणि परिनिरीक्षणाचा दाखला इतका लवाजमा लागूं लागला. आणि रस्त्यावरच्या दुकानदारानें तोहि हुबेहूब छापला.

नंतरचा इतिहास थोडक्यांत सांगतां येतो. १९९६ मध्यें जपानांत डी. व्ही. डी. आली आणि वाजणाऱ्या तबकडीनें फितीवर सूड उगविला. २००० सालीं कलकत्त्याच्या कंपनीनें ‘सारेगम’ हें नांव घेतलें. लंडनमधील ऑक्सफर्ड रस्त्यावरचें कुत्र्याचें दुकान, जें १९२१ सालीं संगीतकार एल्गारच्या हस्ते उघडलें होतें, त्याची साखळी २०१३ मध्यें आणि पुन्हां २०१८ मध्यें दिवाळखोरीच्या दारांत गेली व दोन्ही वेळां वांचली. २०२३ च्या नोव्हेंबरांत तें दुकान जुन्या जागीं पुन्हां उघडलें. निपरला जेथें तुतीच्या झाडाखालीं पुरलें, तेथें पुढें बँकेची इमारत उभी राहिली. किंग्स्टनमधील त्या जागेजवळच्या एका बोळाला २०१० सालीं त्याचें नांव देण्यांत आलें.

फ्रान्सिसचें मूळ चित्र पुष्कळ वर्षें लंडनमध्यें कंपनीच्या कचेरींत टांगलेलें होतें. समोरून पाहणाऱ्याला त्यांत ग्रामोफोनच दिसे. परंतु बाजूस सरून, तिरक्या उजेडांत पाहिलें, तर पितळी कर्ण्याच्या मागें रंगाच्या थराखालीं जुन्या फोनोग्राफची आकृति उठून दिसत असे.